टाकी कुठं ठेवायची?

शिरूर तालुक्यातल्या आमच्या निमोण्यात कुणी घर बांधायला काढलं की पैशाची चौकशी नंतर होते, आधी प्लॉटचं तोंड बघतात. पुढं अरुंद आणि मागं रुंद असेल तर तो गोमुखी, राहायला उत्तम. पुढं रुंद आणि मागं निमुळता असेल तर वाघमुखी; तिथं दुकान टाकावं, संसार मांडू नये. शाळेत समलंब चौकोनाचं क्षेत्रफळ विचारल्यावर ज्यांनी मान खाली घातली, तीच माणसं चाळिशीत प्लॉटच्या कडेला उभं राहून नुसत्या नजरेनं सांगतात, "मागली बाजू दीड फूट कमी भरतीय, आबा. वाघमुखी हाय." टेप लावावा तर दीड फूटच निघतो.

मग वास्तूवाले येतात. ईशान्येला पाणी, आग्नेयेला चूल, नैर्ऋत्येला कर्ता पुरुष. संडासाला आठही दिशांत जागा मिळत नाही आणि शेवटी तो शेजाऱ्याच्या खिडकीसमोर येतो.

या सगळ्यांतून प्लॉट वाचला की मिस्त्री येतो. त्याच्यासारखी भूमिती मी दुसऱ्या कुणाकडं पाहिलेली नाही. चार खुंट्या, लाइनदोरी आणि घमेलंभर फक्की एवढीच त्याची कंपासपेटी. एक दोरी रस्त्याला धरून ताणायची, दुसरी तिला आडवी. एकीवर कोपऱ्यापासून तीन फुटांवर खूण, दुसरीवर चार फुटांवर. दोन्ही खुणांमध्ये टेप धरायचा. पाच फूट भरले तर ठीक, नाहीतर दुसरी दोरी बोटाबोटानं सरकवायची. "तीन, चार, पाच. बास, गुण्यात आलं." मग दोन्ही तिरपी मापं घेऊन ती सारखी आहेत याची खात्री, आणि मुठीतून फक्कीची रेघ. पायथागोरसचं नाव त्याला माहीत नाही. आयताच्या कर्णाचा नियम शुल्बसूत्रात घालून देणारा बौधायनही त्याच्या गावी नाही. बौधायनाला तरी तो नियम कशासाठी हवा होता? यज्ञाची वेदी रचायला. तेव्हाचे लोक विटांच्या पाच थरांत, दर थराला 200 विटा लावून पंख पसरलेला ससाणा मांडत. श्येनचिती म्हणत त्याला. यजमानानं त्याच्यावर बसून स्वर्गात जायचं, अशी योजना. प्रयोगशील वास्तुकला आपल्याकडं पाश्चात्त्यांची बघून आली असं म्हणणाऱ्यांनी या पक्ष्याकडं एकदा बघावं. आता तीन-चार-पाच तेच आहे, फक्त त्यावर टू बीएचके उभा राहतो आणि यजमान जास्तीत जास्त शिरूरपर्यंत जातो.

भिंती उठल्या की वर येतो तो स्लॅब, आणि इथं सगळ्या गावाचं एकमत आहे. सपाट छपराचं प्रेम आमच्याकडं सिमेंटच्या आधीपासूनचं. पूर्वी माळवदं होती: लाकडी तुळया, त्यांवर किलचन, वर पांढऱ्या मातीचा जाड थर. शिरूर तालुका सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत पडतो. कोकणात छपराचा उतार पाऊस ठरवतो; आमच्याकडं पाऊसच येतो न येतो, तर उतार काढायचा कुणासाठी? त्यामुळं छप्पर ही आमच्या लेखी वरची जमीनच. तिच्यावर ज्वारी वाळते, मिरच्या वाळतात, कुरडया होतात, वैशाखात अख्खं घर झोपतं, आणि जत्रेत समोरच्या पटांगणातली कुस्ती फुकटात दिसते. टाकी तिथं, डिश तिथं, सोलरच्या नळ्या तिथं. चारी कोपऱ्यांवर गजांचे तुरे उभे ठेवलेले असतात. वरचा मजला थोरल्याचं लग्न ठरलं की होणार असतो. थोरल्याची पोरं कॉलेजात गेली तरी गज तिथंच असतात. त्यांना फक्त दर पावसाळ्यात थोडा गंज चढतो.

अशा काटकोनी मुलखात राहून मला जगभरच्या नव्या इमारतींची चित्रं बघायचा नाद आहे. फ्रँक गेरीनं 1997 मध्ये बिल्बाओचं संग्रहालय उभं केलं, तेव्हा विमानं बनवणाऱ्यांची संगणकप्रणाली वापरून टायटॅनियमच्या पत्र्याला अशा मुरडी दिल्या की दोन भिंतींचं पटत नसावं असं वाटतं. झाहा हदीद आधी बैरूतला गणित शिकली, मग वास्तुकलेकडं वळली. बाकूमधलं तिचं सांस्कृतिक केंद्र बघताना जमीन कुठं संपली आणि भिंत कुठं सुरू झाली हे बोट ठेवून सांगता येत नाही. मिस्त्रीला हे पटणार नाही. जमीन कुठं संपते हे ठरवण्यासाठी आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या कोर्टात जातात. हदीद 2016 मध्ये गेली, पण तिच्या कार्यालयाचं काम आता आपल्याकडंही आलंय: 2025 च्या ऑक्टोबरात उद्घाटन झालेल्या नवी मुंबईच्या विमानतळावर खांब कमळाच्या पाकळ्यांसारखे उमलत वर जातात.

हे सगळं बघायला छान वाटतं, नाही कशाला म्हणू? पण माझ्या मनात एक खुसपट आहेच. यातल्या पुष्कळ इमारतींत आकार आधी ठरतो आणि तो उभा कसा राहणार हे मागाहून इंजिनियरच्या गळ्यात पडतं. वरून नितळ लाट, आत पोलादी नळ्यांचं जंगल. ही भूमिती मिरवण्याची झाली. मला ओढ आहे ती राबणाऱ्या भूमितीची, आणि तिचा नमुना आमच्यापासून फार लांब नाही. नगर ओलांडून शिर्डीच्या पुढं गेलं की कोपरगाव लागतं. आमच्या भागातून शिर्डीला गाड्या भरभरून जातात, पण तिथून पंधराएक किलोमीटर पुढं कुणाची गाडी जात नाही.

कोपरगावला श्री शारदा शाळेच्या आवारात माया सोमय्या ग्रंथालय आहे. मुंबईचे वास्तुरचनाकार समीप पडोरा यांच्या कार्यालयानं ते 2018 मध्ये पुरं केलं. जागा मिळाली ती शाळेच्या जुन्या इमारती आणि कुंपणाची भिंत यांच्या मधली चिंचोळी पट्टी. आमच्याकडं अशा पट्टीत सायकलींची शेड झाली असती. तिथं त्यांनी विटांचं एक कवच अंथरलं. ते जमिनीतून उठतं, पुस्तकांवरून, टेबलांवरून, वाचणाऱ्या पोरांवरून जातं आणि परत जमिनीत उतरतं. भिंत आणि छप्पर असा भेदच नाही. पातळ विटांचा पहिला थर झटपट आळणाऱ्या मसाल्यात, त्यावर साध्या सिमेंटचे आणखी दोन थर. जाडी म्हणाल तर एवढीच. पोरं आत वाचतात, आणि मधल्या सुट्टीत त्याच छपरावर टेकडी चढल्यागत चढतात. शाळेच्या छपरावर चढणाऱ्या पोराला मार न मिळता शाबासकी मिळावी, अशी सोय मी दुसरीकडं ऐकलेली नाही.

हे तीन थर उभे राहतात ते आकाराच्या जिवावर, आणि तो आकार कुणा कलाकाराच्या लहरीतून आलेला नाही. साखळीचं एक टोक डाव्या हातात, दुसरं उजव्या हातात धरा आणि मधला भाग सैल सोडा. ती जो झोल घेते त्यात प्रत्येक कडी फक्त ओढली जाते. तिला दबणं ठाऊक नाही. आता तोच झोल उलटा करून विटांत बांधा. ओढीच्या जागी सगळा दाब येतो, आणि दाब हे विटेचं काम आहे. वीट ओढली की तुटते. दाबली की पिढ्या काढते. आमच्या स्लॅबचं दुखणं नेमकं इथं आहे. आडवा पडल्यामुळं तो वरून दबतो आणि खालून ताणला जातो, म्हणून खालच्या अंगाला लोखंड भरावं लागतं. सपाट राहण्याची किंमत आपण टनाच्या भावानं देतो.

साखळीचं हे गुपित इंग्लंडातल्या रॉबर्ट हूकला सतराव्या शतकात कळलं. त्यानं ते 1675 च्या सुमारास छापलंही, पण लॅटिन वाक्याची अक्षरं उलटीपालटी करून, म्हणजे शोध आपल्या नावावर लागला पाहिजे आणि वाचणाऱ्याला मात्र काही कळता कामा नये. तो वारल्यावर उलगडा झाला. त्याआधी गॅलिलिओला वाटलं होतं की हा झोल जवळपास अन्वस्ताचाच; 1691 मध्ये हायगेन्स, लायब्निझ आणि योहान बर्नुली यांनी खरं समीकरण काढलं. पुढं बार्सिलोनाच्या गौदीनं समीकरणाच्या वाटेलाच न जाता छताला दोऱ्या टांगल्या, त्यांना शिशाच्या छऱ्यांच्या पुरचुंड्या अडकवल्या, फोटो काढला आणि तो उलटा धरला. चर्चचा आराखडा तयार. त्याच्याच मुलखातल्या गुआस्ताव्हिनोनं पातळ कौलांच्या कमानींची कला अमेरिकेत नेली. उरुग्वेच्या एलादिओ दिएस्तेनं साध्या विटांच्या लाटा उठवल्या. कोपरगावला दोऱ्यांऐवजी झुरिकच्या विद्यापीठात तयार झालेली संगणकप्रणाली होती. पण काम तेच: साखळी टांगायची आणि उलटी करायची.

या ग्रंथालयाचा फोटो मी चहाच्या टपरीवर मिस्त्रीला दाखवला. त्यानं चष्मा कपाळावर सरकवला, मोबाइल नाकाशी धरला आणि दोन बोटांनी फोटो मोठा करत थेट खाली गेला, जिथं विटा जमिनीला टेकतात तिथं. पोरं, पुस्तकं, खिडक्या, कशाकडंही बघितलं नाही.

"पाय फाकणार ह्याचे," तो म्हणाला. "कशानं धरलेत?"

मला हा माणूस उगाच आवडत नाही. कमान म्हटली की ती पायाशी बाहेर रेटा देणार, आणि तो रेटा कुठं जिरवायचा हाच खरा प्रश्न. वास्तुकलेच्या वर्गात तो समजायला एक सत्र जातं. जमिनीतच पक्का पाया दिलाय, तिथं तो जिरतो, असं सांगितल्यावर त्याचं समाधान झालं. मग त्याचा दुसरा प्रश्न: "सेंट्रिंग?" हेही मर्मावर. वाकड्या छपराला वाकडा साचा लागतो, आणि शिरूरमध्ये भाड्यानं मिळणाऱ्या प्लेटा सगळ्या सपाट. पण त्याला म्हटलं, पहिला थर झटपट आळतो, म्हणून हलक्या सांगाड्यावरच काम भागतं. जड साचा लागत नाही.

शेजारी तात्या बसले होते. त्यांनी बशीतला चहा संपवला, फोटो बघितला आणि विचारलं, "टाकी कुठं ठेवायची?"

जगातल्या प्रयोगशील वास्तुकलेवर इतकी नेमकी टीका मी कुठल्या मासिकात वाचलेली नाही. त्यावर काय बोलावं या विचारात मी असतानाच पलीकडून आणखी एकजण म्हणाला, "टाकीचं ऱ्हाऊ द्या. उद्या दोघा भावांत वाटणी कशी करायची ह्याची?"

सगळे गप्प झाले, कारण हे सगळ्यांच्या मनातलं होतं. स्लॅबच्या घराची वाटणी सोपी. मधोमध चार इंची भिंत घातली, पुढच्या ओट्याला एक दार जास्त पाडलं, की धाकटा तिकडं, थोरला इकडं. छप्पर काही बोलत नाही. कमानीचं छप्पर मात्र अर्धं उभं राहत नाही. एक अंग दुसऱ्याच्या रेट्यावर उभं असतं. मधला माथा कुणाच्या नावावर लावायचा?

तेव्हापासून मला वाटायला लागलंय की आमच्याकडची भूमिती ही बांधण्यापेक्षा वाटण्याची आहे, आणि तिचं हत्यारही साखळीच आहे. इंग्रजी अमलातल्या मोजणीची साखळी 33 फुटांची, तिचे सोळा आणे. 33 बाय 33 म्हणजे एक गुंठा, असे 40 गुंठे म्हणजे एकर. तीच साखळी सैल सोडली तर कमान सांगते आणि ताणली तर बांध. नीट ताणली नाही तर तिथंही ती आपला झोल दाखवतेच: खाचखळग्यावर साखळी मधे लोंबली की कागदावर 33 फूट लागतात आणि जमिनीवर भरतात थोडे कमी. आता मोजणीला उपग्रहाशी बोलणारं रोव्हर येतं. तरी मोजणीदाराची गाडी गेली की खुणेचा दगड रात्रीतून फूटभर चालतो, तो चालतोच. युक्लिडच्या रेषेला रुंदी नसते. आमच्या बांधाला असते, आणि ती दर नांगरटीला दोन्हीकडून कमी होते.

वाटणीची भूमिती शेवटी कुठं जाते हे बघायचं असेल तर पुण्यात आयुकाच्या आवारात जावं. 1988 मध्ये जयंत नारळीकरांनी ही खगोलशास्त्राची संस्था सुरू केली आणि चार्ल्स कोरियांनी तिचं घर बांधलं, काळ्या दगडात, कुंडाभोवती. आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे तिथं एकमेकांशी न भांडता राहतात. एका अंगणात कोरियांनी सिरपिन्स्कीचा त्रिकोण मांडलाय. पोलंडच्या या गणितज्ञानं 1915 मध्ये सांगितलेली रचना अशी: त्रिकोणाच्या मधला पाव भाग काढून टाका, उरलेल्या तीन त्रिकोणांच्या मधला पुन्हा काढा, असं करतच राहा. दर खेपेला क्षेत्रफळ पाऊण पट होतं आणि कडांची एकूण लांबी दीडपट. मी हिशोब मांडून बघितला. दहा खेपांत एकराचे 40 गुंठे सव्वादोन गुंठ्यांवर येतात आणि कडा 57 पटींच्या वर जातात. जमीन जवळजवळ संपली, बांध मात्र मावेना. सिरपिन्स्की आमच्याकडं कधी आला नव्हता, तरी त्यानं आमच्या पंचक्रोशीचा नकाशा कसा काढला कोण जाणे. तुकडेबंदीचा कायदा 1947 पासून आहे; त्यानं कागदावरचे तुकडे थोडे थोपवले असतील, मनातले नाही.

याचा अर्थ आमच्या लोकांना वक्र कळत नाही असा मुळीच नाही. विहीर बघा. शेतात चौकोनी विहीर खणलेली सहसा दिसते का? भोवतालची माती सगळीकडून आत रेटते. चौकोनाची सपाट बाजू त्या रेट्यानं पोटात येते. गोल बांधकामात मात्र दगड दगडाला दाबून धरतो. गोल विहीर म्हणजे आडवी पडलेली कमानच. जो माणूस जमिनीवर कोपरा गुण्यात नाही म्हणून भिंत पाडायला लावतो, तोच जमिनीखाली चकार शब्द न काढता गोल खणतो. शेजारच्या कुकडी नदीनं तर निघोजला काळ्या दगडात रांजणखळगे कोरलेत. भोवऱ्यात सापडलेला गोटा हेच तिचं अवजार. ना नकाशा, ना परवानगी. नकाशावाचून बांधणारा एक माणूसही महाराष्ट्रानं पाहिलाय: नारी गांधी, फ्रँक लॉइड राइटकडं काही वर्षं राहून आलेला. रेवदंड्याला, कोर्लईला त्यानं घरं बांधली ती कागदावर आराखडे न काढता, जागेवर गवंड्यांशी बोलून. 1993 मध्ये तो गेला. त्याची आणि आमच्या मिस्त्रीची गाठ पडायला हवी होती. दोघांनी मिळून एकही कागद खराब केला नसता.

आणि कमानी तर गावोगावी आहेतच. कुठल्याही फाट्यावर स्वागताची कमान उभी असते: दोन खांब, वर आडवा बीम, आणि बीमच्या खाली प्लास्टरची गोलाई चिकटवलेली. ती गोलाई काही पेलत नाही, बीमच तिला पेलतो. एवढ्यापुरती आमची पंचायत आणि नवी मुंबईचं विमानतळ यांची विचारसरणी एकच आहे.

टपरीवरचा विषय मात्र तिथंच थांबला नाही. तात्यांच्या डोक्यात ते छप्पर बसलं होतं. दोन दिवसांनी त्यांनी स्वतःहून मिस्त्रीला बोलावलं. "घरावर नको," ते म्हणाले. "गोठ्यावर करून बघू. गाया वाटणी मागत न्हाईत." टाकीचं त्यांनी स्वतःच सोडवलं होतं, ती शेजारच्या लिंबाखाली लोखंडी घोडीवर. लोखंड वाचतंय हेही त्यांना पटलं होतं. आता राहिला मजुरीचा रेट.

मिस्त्री म्हणाला, "स्क्वेअर फुटानं. पण वरून मोजून."

बारा फुटी गोठ्यावर अर्धगोल घातला तर खालून बारा फूट भरतात, वरून वळणाबरोबर टेप नेला तर जवळजवळ एकोणीस. म्हणजे दीडपटीच्या वर. मिस्त्रीला पाय माहीत नव्हता, पण पायचं अर्ध किती ते बरोबर माहीत होतं.

"खालून मोजायचं," तात्या म्हणाले. "गाय खाली बसती."

"वीट वर बसती, तात्या."

"आतला गिलावा?"

"त्योबी वळणावरनंच."

तात्यांनी आणखी एक चहा सांगितला, फक्त स्वतःपुरता.